डबीचा कार्ब्युरेटर निघाला

दि. ११ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार

चि. ठमाबाईस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. तुझे बाबा ठणठणीत आहेत. म्हणजे बरेचसे ठणठणीत, त्याबद्दल पुढे लिहितेच. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझा आवाज भांडल्यासारखा येतो असं तूच म्हणतेस. आयुष्यभर शाळेच्या मैदानावर ‘सावधान-विश्राम’ ओरडलेल्या बाईचा आणखी कसा येणार? म्हणून कागद घेतला.

बातमी अशी की आपल्या म्हाताऱ्या गाडीचा, डबीचा, कार्ब्युरेटर निघाला. कायमचा.

मीही आधी हसलेच होते. तुझ्या बापाला कार्ब्युरेटर म्हणजे जीव की प्राण. सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या निम्म्या गाड्या आपल्या फाटकाशी उभ्या असायच्या, आठवतं ना? हा बॉनेट उघडायचा, डोळे मिटायचा, आणि स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करायचा. खोकणारं इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागायचं. कुणी विचारलं कसं जमतं, तर म्हणायचा, “ती सांगते, मी ऐकतो.” छापखान्यातली मशीनंसुद्धा त्याने अशीच ऐकून सांभाळली.

तर हाच माणूस एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणतो, “ताई, कार्ब्युरेटर काढून टाकतो. इंजेक्शन बसवतो.”

मी म्हटलं, “कुणाला? मला की गाडीला?”

मग त्याने मला समजेल असं सांगितलं. कार्ब्युरेटर हवेच्या ओढीवर पेट्रोल सोडतो, अंदाजपंचे. इंजेक्शनमध्ये इंजिनाला जागोजागी सेन्सर लावतात. ते एका छोट्या कॉम्प्युटरला बातम्या पुरवतात, आणि तो मोजून पेट्रोल सोडतो. “पेट्रोल वाचेल,” असं म्हणाला. मी विश्वास ठेवला. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला मात्र पोट धरून हसला. “काका, एवढ्या खटाटोपात दुसरी गाडी येईल!” तुझा बाप शांतपणे म्हणाला, “येईल. पण ती ही नसेल.”

ठमे, त्या दिवसापासून मी जे पाहिलं ते तू पाहायला हवं होतंस. भंगारवाल्याकडे त्याच कंपनीची, नंतरच्या सालातली, समोरून चेपलेली गाडी होती. तिच्यातून इंजेक्टर आले, पंप आला, वायरींचं अख्खं जाळं आलं. ते जाळं माझ्या पलंगावर पसरलं, आणि मी हॉलमधल्या कोचावर झोपायला गेले. प्रत्येक वायरीच्या टोकाला जखमेवरची चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं, ही कुठून निघाली आणि कुठे जाणार. पेट्रोलची टाकी खाली उतरवली, धुतली, मागच्या अंगणात वाळत ठेवली. ती वाळेपर्यंत मला गॅसला हात लावू दिला नाही. थंड दूध आणि पाव खाऊन दिवस काढले. सायलेन्सरच्या नळीला भोक पाडून तिथे वेल्डरकडून एक नट जोडून आणला. तिथल्या सेन्सरला जळलेल्या धुराचा वास घेऊन कळतं म्हणे, इंजिन उपाशी आहे की त्याला अजीर्ण झालंय.

आणि अभ्यास! या वयात, चष्म्यावर चष्मा चढवून, लॅपटॉपसमोर. चुकला की स्वतःलाच “गाढवा” म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घ्यायचा. मी टॉर्च धरायला, पाने द्यायला आणि वैतागायला होते. दहाचा पाना कुठला आणि बाराचा कुठला, हे आता मला न बघता कळतं.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा नुसता काळा धूर. शेजारीण वाळत घातलेले कपडे घेऊन पळाली. प्लग काढले तर पेट्रोलने निथळत होते. दुसरा कुणी असता तर पाना फेकून घरात गेला असता. हा तिथेच पालथं घमेलं घेऊन बसला आणि एकेक वायर तपासत गेला. शेवटी सापडलं. इंजिन किती तापलंय हे सांगणारी वायर आतून तुटलेली होती. कॉम्प्युटरला वाटत होतं बाहेर बर्फ पडतंय, म्हणून तो पेट्रोल ओततच होता. तुझा बाप हसला. म्हणाला, “त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही, तर तो आपल्या मनाने काहीतरी धरून चालणारच.”

आता मी जे सांगायचं टाळतेय ते सांगते.

वायर जोडल्यावर त्याने पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. चोक नाही, धक्का नाही, इतकं अलगद की मी फाटकाशी उभी राहून टाळ्या वाजवल्या. पण तो किल्ली सोडेना. चालू इंजिनावर स्टार्टर किंचाळत होता, करकर दात खाल्ल्यासारखा, समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली, आणि तुझा बाप काळजीच्या चेहऱ्याने किल्ली फिरवतोच आहे! मग त्याची नजर शेजारच्या सीटवरच्या लॅपटॉपवर गेली. इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा दिसला. तेव्हा कुठे हात निघाला.

मी गाडीच्या मागून गेले. त्याच्या पाठीशी उभी राहून तुझ्या आईच्या आवाजात, म्हणजे हळू, म्हटलं, “चहा टाकू का रे?” नाही. पुन्हा म्हटलं. मानसुद्धा वळली नाही.

मग समोर जाऊन उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं, की मला कळलं.

“कधीपासून?”

“उजवा कान छापखान्यातच गेला. डावा आता चाललाय.”

“आणि मला पत्ताच नाही?”

“तुझं ऐकू येतं ना,” तो म्हणाला. “तुझं सगळ्या गल्लीला ऐकू येतं.”

मग त्यानेच सांगितलं. “कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवत होतो, ताई, आणि कुठे थांबायचं ते कळेना. तेव्हा खरं घाबरलो. आता बघ, आकडा दिसतो. डोळे अजून धड आहेत.”

पेट्रोल वाचवायला नव्हतं गं ते. आयुष्यभराची विद्या कानात होती, आणि कान चालले. कुणीही गाडी विकून गप्प बसला असता. याने ती विद्या कानांतून काढून डोळ्यांत घातली, पार पहिलीपासून शाळा शिकून, आणि कुणापाशी हूं की चूं केलं नाही. मोठी बहीण म्हणून मी त्याला उठताबसता बोलत आले. त्या दिवशी आत गेले आणि चहा टाकला.

संध्याकाळी तुझा मेसेज पुन्हा काढून वाचला. “बाबांना सांग, मी परवानगी मागितली नव्हती. त्यांना आनंद व्हावा एवढंच वाटत होतं. लग्न करतेय म्हटल्यावर ‘बरं, जपून राहा’ म्हणून फोन ठेवतात?” तेव्हा मीही मनातून त्याच्यावर चिडले होते, आणि तुमच्या भांडणात पडायचं नाही म्हणून गप्प राहिले होते. अगं, तो सगळ्यांनाच ‘बरं, जपून राहा’ म्हणतो. पेपरवाल्यालासुद्धा. ऐकू आलं नाही की तेच म्हणतो.

मी मेसेज त्याच्यासमोर धरला. त्याने वाचला. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसला, काच स्वच्छ झाली तरी पुसत बसला.

“मला फक्त ‘ठरवलंय’ एवढं ऐकू आलं,” म्हणाला. “मला वाटलं, घर बदलायचं ठरवलंय. सामान हलवताना लागेबिगेल, म्हणून जपून राहा म्हटलं.” मग विचारलं, “मुलगा कसा आहे?” मी म्हटलं, मला काय माहीत, विचार तिला. तर फोनकडे बघून त्याने मान हलवली. “त्याच्यावर नको. पुन्हा भलतंच बोलून बसेन. समोर असली की ओठांवरून कळतं मला.”

दुसऱ्या दिवशी स्वतःहून कानाच्या डॉक्टरांकडे गेला. कानातलं मशीन यायला वेळ आहे. तोवर थांबायला तयार नाही. डबीला बाजारापर्यंत नेऊन आणलं, मग घाटापर्यंत. चढावर एकदाही खोकली नाही. गॅरेजवाला बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “काका, मला शिकवा.” तुझ्या बापाची छाती अशी फुगली की बटण तुटेल असं मला वाटलं.

हे पत्र चोरून लिहीत नाहीये. त्याने वाचलंय. ‘गाढवा’वर काट मारणार होता, मी मारू दिली नाही.

रविवारी सकाळी आम्ही डबीतून निघतोय, दुपारपर्यंत तुझ्या दारात. मुलालाही बोलावून ठेव. त्याला सांग, ओरडायची गरज नाही, फक्त तोंड समोर ठेवायचं. आणि तू दार उघडलंस की माझ्या गळ्यात पडू नकोस, मी थांबेन मागे. आधी त्याच्यासमोर उभी राहा, उजेडात, आणि फोनवर जे सांगितलं होतंस ते त्याला पहिल्यांदा सांग.

तुझ्या बाबांची बहीण असल्याचा फार अभिमान वाटणारी,
तुझी आत्या