सुपातली चमचाभर पूड

संभाजीनगर,
४ ऑगस्ट २०२५

ती. पद्मजा आत्यास,
मनस्विनीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखंही नाही, म्हणून लिहिते. किमोनंतर बाबांच्या पोटात वरणाचं पाणीसुद्धा ठरत नव्हतं. ऑफिसातली सरिता जपानहून ट्रेनिंग करून आली, तिनं तिथलं सूप शिकवलं. मशरूम पातळ चिरून मंद आचेवर उकळायचे, उतरवताना पालक टाकायचा आणि तिनं दिलेली चमचाभर पूड. आत्या, तुझ्या भावानं वाटी संपवली! नऊ दिवस, रोज. वजन टिकलं तरच पुढचा डोस देऊ, असं डॉक्टर म्हणालेत.

काल सरितानं पाकिटावरची जपानी अक्षरं मोबाइलवर वाचून पाहिली. पूड सुकवलेल्या माशांची आहे. ऐन श्रावणात, माळ घातलेल्या माणसाला मी मासे पाजले. आज पूड न घालता केलं, तर दोन चमच्यांनंतर वाटी सरकवली. सांगू की नको? आई असती तर तिला विचारलं असतं.

तुझ्या मायेच्या आधारावर असलेली,
मनस्विनी

पैठण,
६ ऑगस्ट २०२५

चि. मनस्विनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, एकदा तुझ्या अक्षरामुळं. केशवला अवाक्षर सांगायचं नाही. पूड घाल. पाप लागायचंच असेल तर ते माझ्या माथी लागू दे, मला धाकटा भाऊ हवा आहे. सोबत राखी आहे, माझ्या वतीनं तू बांध. आणि स्वतः वेळेवर जेव गं, नुसती त्याच्या वाटीकडे बघत बसू नकोस.

आहे तो जीव असाच लावत राहा.
तुझी आत्या

संभाजीनगर,
११ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र राखीच्याच दिवशी पोचलं. त्याची वाट न बघता मी पुन्हा पूड घालू लागले होते, आणि आदल्या दिवशी बोलून बसले. बाबांनी वाटीभोवती पाणी फिरवलं, हात जोडले, आणि मला राहवलं नाही. पाय धरून सगळं सांगितलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, जायकवाडीला मत्स्यव्यवसाय खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली, सुक्या मासळीचा वास मला पहिल्याच दिवशी आला. पण तू दारात उभी राहून वाटी किती खाली गेली ते बघत होतीस. तुला माहीत नव्हतं तोवर तुझ्यासाठी पीत होतो. आता तुलाही माहीत आहे, आता नको करूस. एवढं बोलून बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि भरली वाटी माझ्या हातात दिली.

आज चौथा दिवस. बिनपुडीचं काही घशाखाली उतरत नाही; नुसतं पाणी घेतात, तेही मी रडले तर. डॉक्टरांनी डोस थांबवलाय. आत्या, माझं मन हलकं करायला मी बोलले आणि त्यांचं अन्न तोडलं. राखी बांधली तेव्हा बाबा तुझी विचारपूस करत होते. पत्र मिळताच निघ.

लोभ राहू दे, असं लिहायचं धाडस होत नाही.
मनस्विनी