दोन गावांमधली फट

२२ जानेवारी २००१
लिनक्स चालू झालं एकदाचं! मासिकासोबत फुकट आलेली सीडी, बीडच्या आमच्या संस्थेचा म्हातारा कॉम्प्युटर आणि मी. पुण्याच्या कंपनीनं गेवराई तालुक्याचा नकाशा दिला खरा, पण तो उघडायला त्यांचंच महागडं सॉफ्टवेअर लागतं. ते आम्ही कुठून आणणार? म्हणून हा नकाशा लिनक्सवर चालणाऱ्या ग्रास नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचा. संस्थेचे योगीराज सर म्हणाले, मार्च संपायच्या आत नकाशा जिल्हा परिषदेला गेला तर उन्हाळ्याआधी हातपंप मंजूर होतील. पण नकाशात दिसेल त्याच वस्तीला.

२३ जानेवारी
नाही आला.

३० जानेवारी
आला! पण काय अवतार! कंपनीनं प्रत्येक गावाची हद्द वेगळी काढलीय. म्हणजे शेजारच्या गावांची एकच शीव दोनदा आलेली, आणि मध्ये बारीक बारीक फटी. ग्रास रुसून बसलंय — आधी फटी बुजवा, मग पुढचं बोला! दिवसभर बघून बघून डोळ्यांची आग झाली. शेवटी सांगून टाकलं, शंभर मीटरच्या आतल्या दोन रेघा एकच धर. सगळं कसं झटक्यात चिकटलं! सर खूश. मी तर हवेतच.

४ फेब्रुवारी
घरून, परळीहून, अप्पांचा फोन. फुकटच्या सॉफ्टवेअरवर काम करणारीला पगार तरी कसला मिळणार, म्हणे! त्यापेक्षा आपल्या दुकानात बस. डोकं फिरलं. फोन ठेवून दिला.

१९ फेब्रुवारी
छापील नकाशा घेऊन चकलांब्याच्या पुढं गेले होते. दोन गावांच्या लोकांना एकत्र बसवून, आपापलं गाव, विहिरी, वाड्या तपासा म्हटलं. छबुबाई नावाची एक बाई कागदावर वाकून बराच वेळ बोट फिरवत होती. मग मान वर करून म्हणाली, "आमी कुठं हाव यात?"

एक सरपंच म्हणाले, ती वस्ती त्यांच्यात. दुसरे म्हणाले, छे, यांच्यात. मी उठून तिच्यासोबत चालत गेले. दोन शिवांच्या मध्ये निमुळती पट्टी, पत्र्याची घरं, आणि खाली कोरड्या ओढ्यात झरा उकरून वाटीनं पाणी भरणाऱ्या बायका. शिवा खरंच दोन होत्या! पट्टी खरी होती. आणि मी ती चूक समजून बुजवली. लाज वाटली. परतताना जीपमध्येच छापील नकाशावर ती पट्टी पेन्सिलीनं काढली.

२० फेब्रुवारी
नकाशा पुन्हा पहिल्यापासून आणला. आता रेघा आपोआप जोडणं बंद. एकेक फट हातानं बुजवायची. सर म्हणतात, वेळ कुठाय? म्हटलं, काढते.

६ मार्च
एक सोडून सगळ्या फटी बुजल्या! त्या एकीला नाव दिलं — छबुबाईची वस्ती. जमिनीचा प्रकार हा रकाना मात्र रिकामा ठेवता येईना. तलाठ्यांना विचारलं. गायरान, म्हणाले, सरकारी. तसंच भरलं. सर म्हणाले, बरं झालं, खाजगी मालकाची कटकट नाही.

२८ मार्च
हातपंप मंजूर! मुद्दाम सांगायला गेले. छबुबाईनं सतरंजी टाकून बसवलं, गुळाचा चहा पाजला. "लई बरं केलंस माय. आमी हाव म्हनायला कागद झाला आता." हे काम सोडायचं नाही. अप्पांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

२१ एप्रिल
छबुबाई सकाळच्या एसटीनं बीडला आली. हातात नोटीस. वाचून दाखव म्हणाली. गायरानावर अतिक्रमण आहे, महिन्याभरात घरं काढून घ्या. पाठीमागे नकाशा जोडलेला. माझाच. एक क्षण वाटलं, हा नकाशा मीच केला, त्यात गायरानही मीच भरलं, हे सांगू नये. पण सांगितलं.

ती चिडली नाही. नोटीस घडी करून कमरेला खोचली आणि म्हणाली, "मग आमाला काडून टाक की माय त्यातनं."