जमिनीच्या पोटातला गारवा

२ मार्च
ठरलं. यंदा घर जमिनीच्या गारव्यावर चालणार. खाली तापमान बारा महिने सारखं. अंगणात पाइप पुरायचे, पाणी फिरवायचं, खोली गार! एवढी साधी गोष्ट शेजारच्या मॅनेजरला कळत नाही. भिंतीला खोकी टांगून वीज जाळतोय. अडाणी.

५ मार्च
एसी विकला. बायको म्हणाली, नवीन सुरू होईपर्यंत तरी राहू द्या, लेक तान्ह्या बाळाला घेऊन यायचीय. म्हटलं, माझ्या नातीला मी उकाड्यात ठेवीन? बायकोने कपाळावर हात मारला. थकली असेल.

११ मार्च
इंजिनिअर येऊन गेला. म्हणे खोल बोअर हवी, हीट पंप हवा. गिऱ्हाईक बावळट दिसलं की ह्यांची बोअर खोल जाते. चहा पाजून वाटेला लावला. व्हिडिओ पाहिलेत. स्वतः करणार.

१९ मार्च
गुडघाभर खणलं, खडक लागला. गुडघाभर पुरे. जमीन ती जमीन.

२३ मार्च
खिडकीबाहेरचं झाड पाइपच्या आड येत होतं. तोडलं. बायको बोलत नाहीये. बरंच आहे, कामात लक्ष लागतं.

६ एप्रिल, दुपार
पंप सुरू! पाणी कढत येतंय. शिवाय झाड गेल्यापासून खोलीत ऊन थेट आत. सिस्टिम सेट व्हायला वेळ लागतोच. मॅनेजर कुंपणावरून विचारतो, हिवाळ्याची तयारी आत्तापासून का? जळतो मेला.

१२ एप्रिल
लेक आली. संध्याकाळपर्यंत बाळाच्या अंगावर घामोळं. धीर धर म्हटलं, तर म्हणाली, बाबा, ही माझी मुलगी आहे, तुमचा प्रयोग नाही. मॅनेजरच्या बायकोने त्यांची मागची खोली देऊ केली. माझ्या घरच्या दोघी बाळाला घेऊन चालत्या झाल्या. चार दिवसांचा प्रश्न आहे.

२० एप्रिल
पाइपवर ओली गोणपाटं टाकली. फरक पडेल. नातीला बघायला गेलो, तर मॅनेजर म्हणतो, दार लावून घ्या, गार हवा जाते. माझ्याच नातीसाठी ह्याचे नियम!

२६ एप्रिल
नात आज पहिल्यांदा हसली. मॅनेजरच्या मांडीवर. बायकोने कुंपणावरून हाक मारून सांगितलं. मी पाइप उकरत होतो. तसाच मातीच्या हातांनी धावलो, तोवर ती झोपली होती. मॅनेजरने आवाज न करता खुर्ची पुढे केली. बसलो. खोली छान गार होती. फार वाईट वाटलं.