मला बाद करा

६ फेब्रुवारी २०१४

परवानगी मिळाली!!! इंदूरच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिले आणि आईला सांगितलं, कॅन्सरच्या गोळ्या अजून वर्षभर चालतील, पण पोरीला आता खेळू द्या. बसून बसून पाय कमजोर झालेत. दमली की आपोआप थांबेल. ताप आला तर मात्र लगेच फोन करा.

आई तिच्या हिंदीत बोलली, "पण मॅडम, गिर गई तो?"

"तो उठेगी," मॅडम बोलल्या. बस्स!

येताना बसमध्ये असीरगढचा किल्ला येईपर्यंत आई रिपोर्टच परत परत बघत होती. मी तर सीटवरच पाय नाचवत होती.

७ फेब्रुवारी

पाय दुखतायत. मस्त दुखतायत! टोपी घालून लंगडी खेळली, आमच्याच अंगणात. धाप लागली, तरी शेवटपर्यंत टिकली. सगळे बाद, मी नाही! आमच्या अख्ख्या निंबोला गावात आहे का कोणी माझ्यासारखं?

८ फेब्रुवारी

आज पण टिकली.

१० फेब्रुवारी

काहीतरी गडबड आहे. शेजारच्या निर्मलावर राज्य होतं. मी दमून तिच्यासमोर उभीच राहिली, अगदी हाताजवळ. तरी ती मला सोडून गोटूच्या मागे!

गोटू माझा चुलत भाऊ, त्याला खोटं जमत नाही. त्यालाच धरलं. बोलला, "अरे यार, तू कच्चा लिंबू आहे. काकू सगळ्यांच्या घरी जाऊन आली. बोलली, हिला कोणी बाद करायचं नाही."

कच्चा लिंबू! ते तर शेंबड्या पोरांना करतात. मी बारा वर्षांची घोडी!

आईशी कडाकडा भांडली. ती बोलली, "तुला काही झालं तर मी काय करू?" मी बोलून गेली, आजारी होती तेव्हाच बरं होतं, तेव्हा कोणी खोटं खोटं खेळत नव्हतं. असं नको होतं बोलायला. आई भांडी घासत बसली.

११ फेब्रुवारी

खेळायला गेली नाही. कशाला जाऊ?

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी आईने मला हाताला धरून अंगणात नेलं. चपला काढल्या, पदर खोचला, पोरांना बोलली, "राज्य माझ्यावर." आणि लंगडी घालत सरळ माझ्याच मागे! मी जीव तोडून पळाली. तिने कोपऱ्यात गाठलं, पाठीवर थाप मारली. "बाद. चल, बाहेर बस."

खरीखुरी बाद झाली मी. बाहेर बसून आनंदाने रडली.