वाकडी ज्योत

मंगळवार, ११ मार्च २००८. स्लाऊ, इंग्लंड.

माझ्या डोळ्याचं मला कोणी विचारतच नाही, सगळे माझ्या मुलाला विचारतात. पोटचा असला म्हणून काय, सुहासला माझ्या डोळ्यातून दिसतं?

आज चष्मेवाल्याकडे नेलं. सुहासच्या ऑफिसच्या विम्यात चष्मा बसतो, पण त्याचा, बायकोचा, मुलांचा. आई बसत नाही. आणि चष्मेवाला म्हणाला, हे चष्म्याचं कामच नाही, डोळ्याच्या आत बिघाड आहे, उद्या सकाळीच हॉस्पिटलला जा.

येताना गाडीत सुहास म्हणाला, "आई, तुझ्या प्रवासाच्या विम्यात इथे येऊन अचानक झालेलं चालतं, जुनं दुखणं नाही. कालपासून दिसेना, एवढंच सांगू."

"आणि डॉक्टरनं कालचं समजून औषध दिलं तर?"

सूनबाई म्हणाली, "आई, घाबरू नका हो." न घाबरायला मी काय वरवंटा आहे?

निरांजनाची ज्योत संक्रांतीपासून वाकडी दिसते. तेव्हा तर मी पुण्यातच होते. वातीला दोष दिला, तुपाला दिला. आत्ता उजवा डोळा झाकून पुन्हा पाहिली. वाकडीच. आता मधोमध काळंही. आंधळी झाले तर या परक्या घरात मला न्हाणीघर तरी सापडेल का?

उद्या डॉक्टरनं 'कधीपासून' विचारलं की मीच बोलणार: संक्रांतीपासून. सुहासनं त्याचं फक्त इंग्रजी करायचं, त्यातला एक दिवसही गाळायचा नाही.