तीस डोक्यांचे माप

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी,

शिरसाष्टांग नमस्कार. (यातल्या ‘शिर’ या भागाकडे लक्ष असू द्यावे; पुढे त्याचा बराच संबंध येणार आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींना चष्म्याची नवी काच मानवली का? इकडे गारठा आहे, पण तुमच्या भावजयीने विणलेली जाड कानटोपी मी आंघोळीखेरीज उतरवत नाही. (वक्त्याचा गळा कानांतून बसतो, असे माझे ठाम मत आहे.) आम्ही सर्व खुशाल आहोत. हे वाक्य गेल्या मंगळवारी सकाळी मला लिहिता आले नसते. आपली धाकटी बहीण कारखान्याला कुलूप लावून पुन्हा त्या मोठ्या कंपनीच्या दारात उभी राहणार होती, आणि त्याला कारण मी होतो. ते आता टळले. जीव भांड्यात पडला आहे. वर झाकण ठेवून लिहायला बसलो आहे.

धाकटीने अकरा वर्षे त्या कंपनीत हेडफोनच्या गाद्या आखल्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (ती नोकरी सोडताना तुम्ही ‘विचार कर’ म्हणालात आणि मी ‘बंड कर’ म्हणालो, हेही विसरला नसाल.) आता सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती आणि तीन बायका मिळून हेडफोन बनवतात. एक तारा जोडते, एक गाद्या शिवते, एक पोलादी पट्ट्या वाकवते. त्यांना पहिली मोठी मागणी आली ती एका शीतगृहाची, साठ नगांची. तिथल्या कामगारांना कोणत्या रांगेतून काय आणि किती आणायचे ते कानात सांगितले जाते. मोठ्या कंपनीचे हेडफोन तिथे होतेच, पण त्यांत घुमारा एवढा की सांगणारा पिंपात बसून बोलतोय असे वाटावे. त्यापायी एकदा ‘सात’चे ‘साठ’ झाले आणि एका सज्जन माणसाने वाटाण्याच्या साठ पेट्या आणून दारात भिंत उभी केली. धाकटीच्या हेडफोनात घुमारा नाही. त्यात ‘त’ हा ‘त’च राहतो. दादा, भाषेची याहून मोठी सेवा मीसुद्धा केलेली नाही!

आता पट्टीचा प्रश्न. पट्टी लहानमोठी करणाऱ्या सरकत्या खुंट्या सगळ्यांत आधी मोडतात, म्हणून धाकटीने अखंड पट्टी करायचे ठरवले. त्यासाठी नेमके माप हवे. तिने माझ्या हाती शिंप्याची टेप आणि तीस ओळींचा कागद दिला आणि म्हणाली, “भाऊ, वाचनालयात जा. या कानापासून टाळूवरून त्या कानापर्यंत. तीस डोकी मोज. बोलू नकोस, नुसता मोज.” मी गेलो. पण ज्यांची डोकी मोजायची त्यांना त्यामागचे तत्त्व नको का कळायला? मी टेबलाजवळ उभा राहून म्हणालो, की बंधुभगिनींनो, मोठा कारखानदार दहा हजार डोक्यांची सरासरी काढतो, आणि त्या सरासरीचे डोके जगात कोणाच्याही खांद्यावर नसते! प्रत्येक जुलमी सत्तेने हेच केले आहे. आधी माणसाची सरासरी काढली आणि मग जो तीत बसेना त्याला दाबून बसवले. तुमच्या कानशिलाला लागलेला हा चिमटा साधा नव्हे, तो इतिहासाचा चिमटा आहे! (इथे टाळ्या पडल्या. मागाहून कळले की खिडकी आपटत होती.) असो. संध्याकाळी तीस आकड्यांनी भरलेला कागद मी धाकटीच्या हाती दिला. तिने तो दोनदा वाचला आणि विचारले, “भाऊ, तुमच्या वाचनालयात सगळ्यांचीच डोकी एवढी मोठी?” मी म्हणालो, वाचनाने वाढतात.

मंगळवारी साठ हेडफोन घेऊन आम्ही शीतगृहाच्या खरेदी अधिकाऱ्यांच्या खोलीत हजर झालो. खोलीत हीटर, टेबलावर चाचणीचा माइक, अधिकारी अर्ध्या बाह्यांत. त्यांनी हेडफोन डोक्यावर ठेवला. तो कानांवरून घसरून मानेवर जाऊन विसावला. त्यांनी कारकुनाला घालायला लावला, पुन्हा तेच. कारकून म्हणाला, “साहेब, हार झकास आहे. आवाज कुठून येतो?” धाकटीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. अधिकारी म्हणाले, “बाई, मी जुन्याच कंपनीला कळवतो.” तिने कंपनीत घालवून मागे सोडलेली अकरा वर्षे आणि त्या तीन बायकांचे हात मला त्या खोक्यात दिसले. दादा, तुम्ही मला जन्मापासून ओळखता. मी चार मिनिटे गप्प होतो.

तेवढ्यात पाळीच्या मुकादमबाई सही घ्यायला खालून वर आल्या. भुवयांवर बर्फाचा भुगा, हातात मोजे, डोक्यावर जाडजूड लोकरी टोपी. त्यांनी खोक्यातला एक हेडफोन उचलला, टोपीवरूनच चढवला, मान गदागदा हलवली, वाकून पायाला हात लावून पाहिला. हेडफोन जागचा हलला नाही. मग धाकटीला म्हणाल्या, “माइकवर काहीतरी बोला.”

धाकटी कशीबशी म्हणाली, “सात.”

“सात,” बाई म्हणाल्या. “साठ नाही.” आणि अधिकाऱ्यांकडे वळल्या. “साहेब, दोन वर्षं ओरडतेय, खाली सगळे टोपी घालतात. टोपीवर ते जुने बसतच नाहीत. तुम्ही कधी खाली उतरलात का?”

साठच्या साठ नग तिथेच घेतले गेले. जिना उतरताना धाकटीने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, “भाऊ, तुला टोप्यांचं सुचलं कसं रे?” मी नम्रपणे खाली पाहिले. (त्या क्षणी खोटे न बोलण्याचा तेवढाच मार्ग होता.)

थोरांना दंडवत, धाकट्यांच्या टाळूवर हात (मोजण्यासाठी नव्हे), आणि तुम्हाला पुन्हा एकदा वाकून नमस्कार.

तुमचा,
चार मिनिटे गप्प राहिलेला मधला

ता. क. भाषण संपले तेव्हा वाचनालयात एकच डोके उरले होते. ते माझे. तेच तीसदा लिहिले. निसर्गात थोडे कमीजास्त असते म्हणून इकडेतिकडे एखादे सूत फरक केला.

ता. क. दुसरा. काल आंघोळीनंतर सहज टेप लावून पाहिली. वाचनालयात मी कानटोपीवरूनच मोजले होते. उघडे डोके तुमच्यापेक्षाही अर्धे बोट लहान भरले. लहानपणापासून तुम्हाला ‘लिंबू’ म्हणत आलो, ते आज जाहीरपणे मागे घेतो.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरे यासाठीच. धाकटीला नवी मागणी आली आहे, भाषा शिकवणाऱ्या एका वर्गाची. तिथे सगळे उघड्या डोक्याने बसतात. टेप आणि कागद तिने पुन्हा मलाच दिले, म्हणाली, “मागच्यासारखंच नीट मोज.” तुमच्या सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत तीसेक डोकी सहज असतील, आणि तुम्ही बोलायला लागलात तर लोक उठून जात नाहीत. टेप सोबत पाठवत आहे. टोप्या काढायला लावा. कागद माझ्याच पत्त्यावर धाडा. पहिल्या ओळीत माझे डोके भरले आहे, या वेळी उघडे. उरलेली एकोणतीस तुमच्या हाती.