कडेची गाठ

प्रिय मेमचौबी,

हे पत्र रागाने लिहितेय की मायेने, माझं मलाच कळत नाही. काल दोनदा लिहिलं आणि दोनदा चुलीत घातलं. भाज्या उकडून, कुटून एरोंबा केला, तर त्यात सुकी मासळी घालायलाही विसरले. तुझ्या इपांनी तो तसाच खाल्ला.

गेल्या वर्षी तू इबोयाइमाबरोबर पळालीस याचं मला नवल नाही. मीही तुझ्या इपांबरोबर पळूनच आले. आपल्यात निम्मे संसार तसेच सुरू होतात. पण मला वाटलं होतं, निदान आईच्या कानावर तरी घालशील. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरचे रीतीप्रमाणे 'मुलगी आमच्याकडे आहे' असा निरोप घेऊन आले, तेव्हा मी दार उघडलं नाही. विळा घेतला, घरामागच्या पाण्यात उतरले आणि आपला कौना, चटईचा तो लव्हाळा, कापत सुटले. पाण्यावर वीतभर बुंधा ठेवायचा, हे तुला मीच शिकवलं ना? मी पाण्याखाली कापला. बांधावरून शेजारची अचौबी ओरडली, "अगं, वेड लागलं का? देठांत पाणी शिरून मुळं कुजतील! तुझ्या सासूने लावलेलं आहे ते!" मी म्हटलं, "कुजू दे." आणि तिथेच चिखलात बसून रडले.

कुजलीच. सासूबाईंनी लावलेलं रान माझ्या हातून गेलं. तू होडी बांधायचीस तो कोपरा तेवढा हिरवा राहिला. तिथवर विळा पोचला नाही, की मीच पोचू दिला नाही, देव जाणे. यंदा तो नीट कापला, वीतभर ठेवून. उन्हात वाळवला आणि चटई विणायला घेतली. आधी एकटीपुरती, मग दोघांपुरती, मग उसवली, पुन्हा रुंद केली. अचौबी म्हणते, "चटई विणतेस की उसवायचा धंदा काढलायस?"

आता ती दोघांपुरतीच झाली आहे. लग्नाबरोबर माहेरची चटई जाते, तुझी राहिली होती. फक्त कडा मोकळ्या आहेत. कडेची गाठ मला कधीच धड जमली नाही, ती तुझ्याच बोटांची. अचौबी बांधून द्यायला तयार होती, मी नको म्हटलं. कडा सुट्या राहिल्या तर देठ एकेक करून निसटतात, तुला ठाऊक आहे. तेव्हा लवकर ये. जावयालाही आण. त्याच्यावर रागावले आहेच, पण एरोंबात मासळी घालायला विसरणार नाही. दार उघडंच आहे.

तुझीच, अजून पुरती न निवळलेली,
इमा